बख्त बुलंद शहा : देवगडचा गोंड राजा आणि आपली गावे

पांढुर्णा-सौसरकडच्या मराठी माणसाला, तुमचे लोक इथे केव्हापासून, असे विचारले तर उत्तर बहुधा भोसल्यांपाशी येऊन थांबते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य आले, त्यांच्यामागून मराठी बोलणारे आले आणि आपण इथले झालो, असा सरळ हिशेब घरोघरी सांगतात. या हिशेबात एक राजा गळतो. रघूजी भोसल्यांनी नागपूर हाती घेतले त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी, घाटावरच्या देवगडहून राज्य करणाऱ्या एका गोंड राजाने कसणाऱ्या हातांना या मुलखात बोलावले होते. जमीन त्याची, बोलावणे त्याचे. त्याची भाषा मात्र आपली नव्हती. त्याचे नाव बख्त बुलंद शहा. नागपूर शहर वसवणारा राजा म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे आणि नागपुरात त्याचा पुतळाही आहे. पण तो नागपूरचा होण्याआधी आपल्या सातपुड्याचा होता. मंडळाच्या सभासदांसाठी आणि विशेषतः घरातल्या मुलांसाठी त्याची हकीकत इथे सांगत आहोत.

देवगड आपल्यापासून लांब नाही. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहखेड भागात, दाट झाडीच्या डोंगरावर हा किल्ला उभा आहे. वर गेले की नगारखाना दिसतो, कचेरीची इमारत दिसते, आणि मोती टाके नावाचा पाण्याचा साठा आहे. खाली गावाभोवती विहिरी आणि बावड्या इतक्या की आठशे विहिरी नि नऊशे बावड्या अशी म्हणच पडून गेली आहे. आकडा कोणी मोजून सांगितला असेल असे आम्हाला वाटत नाही. पण गेल्या काही वर्षांत गाळ काढून अनेक बावड्या पुन्हा उघड्या केल्या गेल्या, तेव्हा म्हणीत काहीतरी तथ्य होते हे लोकांना पटले. एवढे पाणी बांधून ठेवणारे गाव कधीकाळी मोठे नांदते असणार. देवगडहून नागपूरपर्यंत भुयार होते, अशीही गोष्ट सांगतात. सातपुड्याच्या खडकातून एवढे भुयार खणण्यापेक्षा घाट उतरून घोड्यावरून जाणे राजाला सोपे पडले असते, म्हणून ती गोष्ट आम्ही गोष्ट म्हणूनच ठेवतो.

या गादीचा मूळ पुरुष जाटबा. अकबराच्या काळात तो राज्य करत होता आणि आईन-ए-अकबरीत त्याचे नाव आलेले आहे. दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभर हत्ती असा त्याचा बडेजाव तिथे नोंदलेला आहे. लोकांनी मात्र जाटबा वेगळा आठवला. कुमारीच्या पोटी, शेंगांच्या वेलाखाली तो जन्मला. आई कामात असताना भर उन्हात नागाने फणा धरून बाळावर सावली केली. मोठा झाल्यावर तो रणसूर आणि घनसूर या दोन गवळी राजांच्या चाकरीला राहिला. एकदा त्यांनी त्याला लाकडाची तलवार देऊन रेडा मारायला सांगितले. देवीच्या कृपेने ती तलवार पोलादाची झाली आणि जाटबाने त्या तलवारीने त्या दोन राजांचाच शेवट केला. गवळी राजांकडून गोंडांकडे सत्ता कशी आली याची ही लोकांनी जपलेली आठवण आहे. ती मराठीत नव्हे, गोंडांच्या तोंडून आली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जाटबानंतरच्या राजांना मोगलांच्या पेशकशीने पिळून काढले. १६३७ मध्ये खान दौरान चालून आला, तेव्हा देवगडच्या गादीवर कोकशहा होता. खान दौरानने त्याचा नागपूरचा किल्ला घेतला आणि खंडणीचा करार झाल्यावर परत दिला. म्हणजे बख्त बुलंदाच्या आधीही नागपूर नावाचे ठिकाण होते, तिथे किल्लाही होता. त्याहून मागे गेले तर वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या इ. स. ९४० च्या ताम्रपटातही नागपूर हे नाव सापडते. बख्त बुलंदाने नाव दिले नाही, शहर दिले. पुढे १६६७ मध्ये दिलेरखानाची स्वारी आली आणि चांदा व देवगड या दोन्ही गोंड राज्यांकडून पैसा वसूल झाला. खंडणी थकली की फौज, फौज आली की आणखी खंडणी, असा तो फेरा होता. घरात भाऊबंदकी पेटली की एक पक्ष मोगलांच्या छावणीकडे धावे.

बख्त बुलंदही असाच धावला. गादीवरून घरात भांडण उठले आणि १६८६ मध्ये तो औरंगजेबाकडे गेला. तो दिल्लीला गेला, तिथली शहरे पाहून थक्क झाला आणि तसे शहर आपणही वसवायचे असे मनात धरून परत आला, असे आपल्याकडे सांगतात. पण बादशहा त्या सुमारास दिल्लीत नव्हताच. १६८१ पासून तो दक्षिणेत मुक्काम ठोकून होता आणि १६८६ मध्ये तर विजापूर घेण्यात गुंतला होता. त्यामुळे या गोंड राजाने जे डोळे भरून पाहिले ते दिल्लीचे चौक होते की लाखो माणसांची, बाजारांनी भरलेली ती चालती छावणी होती, हा प्रश्न उरतो. आम्हाला छावणीची शक्यता जास्त वाटते. कारागीर, सावकार, बंजारे, लोहार, सराफ अशी नाना तऱ्हेची माणसे एका जागी आणली की तिथे पैसा कसा फिरू लागतो, हे छावणीइतके दुसरीकडे स्पष्ट दिसत नाही.

तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि बादशहाने त्याला गादी दिली. बख्त बुलंद हे नाव तेव्हाचेच. त्याचा अर्थ, ज्याचे नशीब उंच आहे तो. या धर्मांतराबद्दल आज निरनिराळे लोक निरनिराळ्या सुरात बोलतात, म्हणून एवढे नोंदवून ठेवतो. त्याने राज्याला धर्म बदलायला लावला नाही. गोंड प्रजा आपल्या बडादेवाची, म्हणजे पेर्सा पेनाची, पूजा करत राहिली. राजघराण्याच्या सोयरिकी गोंडांतच होत राहिल्या. बादशहाशी रोटीचा व्यवहार ठेवू, बेटीचा नाही, अशी अट त्याने घातली होती असे परंपरा सांगते. अट घातली असो वा नसो, घराण्याची पुढची वागणूक तशीच राहिली. नाव मुसलमानी, लग्ने गोंडांत आणि कारभारात सर्व जातिधर्मांची माणसे, अशी त्या घराची तऱ्हा होती.

मिळालेली गादी टिकली नाही. १६९१ मध्ये मोगलांनी त्याला बाजूला करून दीनदार नावाच्या दुसऱ्याला देवगड दिले. काही वर्षांतच बख्त बुलंद परत आला आणि राज्य त्याने पुन्हा हाती घेतले. या खेपेला बादशहाची मेहरबानी किती दिवसांची असते हे त्याला कळून चुकले होते. औरंगजेब मराठ्यांच्या किल्ल्यांमागे धावत होता, मोगल फौजा दक्षिणेत अडकल्या होत्या आणि वऱ्हाड उघडे पडले होते. बख्त बुलंदाने मोगलांशी उघड दावा मांडला, मराठ्यांशी संधान बांधले आणि वऱ्हाडात धामधूम सुरू केली. बादशहा इतका चिडला की त्याचे बुलंद बख्त हे नाव काढून निगून बख्त, म्हणजे उलट्या नशिबाचा, असे म्हणावे असा हुकूम त्याने सोडला. हुकूम दप्तरात राहिला. लोकांच्या तोंडी आजही बख्त बुलंदच आहे.

पूर्वेकडेही त्याने हात पसरले. मंडल्याचा गोंड राजा नरेंद्रशहा बंडखोर पठाण सरदारांनी बेजार झाला होता. बख्त बुलंदाने त्याला मदत केली आणि बदल्यात शिवनीकडचा मुलूख मिळवला. तिथे आपला नातलग रामसिंग याला नेमले. त्या रामसिंगाने छपाऱ्याला किल्ला बांधला. पश्चिमेला बैतूलकडचे खेरला त्याच्या ताब्यात आले. घाटाखालचा सौसर-पांढुर्ण्याचा पट्टा आणि पलीकडचे नागपूरचे मैदान तर देवगडचेच होते. आजच्या नकाशावर छिंदवाडा, पांढुर्णा, शिवनी, बैतूल आणि नागपूर एका बोटाखाली झाकले तर त्याच्या राज्याचा साधारण अंदाज येतो.

एवढा मुलूख हाती आल्यावर त्याने जे केले ते आमच्या मते त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठे आहे. देवगडचा डोंगर लपायला, लढायला चांगला होता, पण पोट भरायला नव्हता. खाली काळ्या कपाशीच्या जमिनीचा सपाट मुलूख पडून होता, त्यावर झाडी माजली होती. कसायला माणसे हवी होती. बख्त बुलंदाने दूरदूरच्या माणसांना बोलावणे धाडले. कुणबी आले, लोधी आले, माळी, कोष्टी, लोहार, सुतार आले, मुसलमान शिपाई आणि कारागीर आले. हिंदू-मुसलमान असा भेद न करता, ज्याच्या अंगी कसब त्याला काम, अशी त्याची रीत होती. गावे बसली, रान तुटले, विहिरी पडल्या. रिचर्ड जेन्किन्स या नागपूरच्या इंग्रज रेसिडेंटाने १८२७ मध्ये या राज्याचा मोठा अहवाल लिहिला. त्यात बख्त बुलंदाच्या काळात हजारो गावे वसली, शेती, हुन्नर आणि व्यापार वाढला असे त्याने लिहिले, आणि भोसल्यांच्या कारभाराला जे यश आले त्याचा पायाही या गोंड राजाने घातला होता हेही मान्य केले. इंग्रजाला गोंड राजाची खोटी स्तुती करायचे काही कारण नव्हते.

आपल्यापैकी कोणाचे घर नक्की त्याच वेळी आले हे सांगणारे कागद फार थोड्या घरांत असतील. काही भोसल्यांच्या वेळी आले, काही पुढे इंग्रजी अमलात, काही वऱ्हाडातून दुष्काळाने हाकलले गेले म्हणून आले. पण वाट तेव्हा पडली. घाटाखाली येऊन नांगर धरावा, पाटलाकडून जमीन घ्यावी, सालाने सारा भरावा, हा रिवाज त्या काळात बसला. आजची संत्र्याची बाग नि कपाशीचे वावर त्या वाटेनेच आलेले आहे.

मैदानात राज्याचे नवे ठाणे हवे होते. १७०२ मध्ये बख्त बुलंदाने नाग नदीकाठची बारा खेडी जोडून शहर उभारायला घेतले. सक्करदरा, लेंड्रा, हिवरी, वाठोडा, सीताबर्डी अशी त्या खेड्यांची नावे सांगतात. त्यातली काही आज नागपूरच्या वस्त्यांची नावे म्हणून जिवंत आहेत. या बारा खेड्यांना मिळून राजापूर बारसा म्हणत. रस्ते आखले, वस्ती वसवली. डोंगरावरचा गोंड राजा मैदानाकडे तोंड करून बसला. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तो वारला, त्यामुळे शहर पुरे झालेले त्याला पाहता आले नाही. ते काम मुलाने, चाँद सुलतानाने केले. त्याने राजधानी देवगडहून नागपूरला आणली, शहराला कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. हा तलाव आधी शुक्रवारी तलाव आणि मग गांधीसागर झाला. महालाच्या वाटेवर तो दिसतो.

पुढची कथा आपल्या सर्वांना माहीत असलेल्या नावांपाशी येते. चाँद सुलतान वारल्यावर बख्त बुलंदाचाच एक दासीपुत्र वलीशहा याने गादी बळकावली. चाँद सुलतानाच्या विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजी आले, वलीशहा मारला गेला, राणीच्या मुलांना गादी मिळाली आणि रघूजींना लाखांचा मोबदला नि काही मुलूख मिळाला. मग बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा हे दोन भाऊ आपापसात भांडले, रघूजींना पुन्हा बोलावले गेले, आणि या खेपेला ते गेले नाहीत. १७४३ पासून सत्ता भोसल्यांची. अकबरशहा हैदराबादकडे गेला. बुऱ्हाणशहाला नागपुरात किल्ला, मान आणि नेमणूक मिळाली. रघूजींनी गोंड राजाला गादीवरून पूर्ण पुसले नाही. नागपूरच्या गादीवर नवा भोसला राजा बसला की त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा राही. राज्य गेले तरी ते कोणाकडून आले याची कबुली त्या टिळ्यात होती.

गोटमारीची एक कथाही इथेच कुठेतरी जोडलेली आहे. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडांचा जो सामना होतो, त्याची प्रेमीयुगुलाची कथा सर्वांना ठाऊक. दुसरीही एक सांगतात. जामेच्या काठी आदिवासींचा किल्ला होता, भोसल्यांची फौज चालून आली, आणि किल्ल्यातल्यांपाशी हत्यारे नव्हती म्हणून त्यांनी दगडांनी तिला रोखले. ही कथा इतिहास आहे असे आम्ही म्हणत नाही. मराठी बोलणाऱ्या गावाने आपल्या सर्वांत मोठ्या दिवसासाठी जपलेल्या कथेत मराठी फौज बाहेरून येते आणि दगड मारणारे इथले असतात, एवढे मात्र नजरेत भरते.

आता भाषेबद्दल. बख्त बुलंद घरात जी भाषा बोलत मोठा झाला ती गोंडी. ती मराठीची किंवा हिंदीची बोली नाही, द्राविड घरातली आहे. एक, दोन, तीन, चार यांना गोंडीत उंदी, रंड, मुंड, नालुंग म्हणतात. ज्यांनी तेलुगू ऐकली आहे त्यांच्या कानांत लगेच रेंडु, मूडु, नालुगु घुमेल. पाण्याला येर, गावाला नार, घराला रोन. स्वतःला ते गोंड म्हणत नाहीत, कोयतूर म्हणतात. गोंड हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेले. या भाषेचे चार मोठे राजवंश होऊन गेले. मंडला, खेरला, देवगड, चांदा. चारशे-पाचशे वर्षे मध्य हिंदुस्थानचा मोठा भाग त्यांच्याकडे होता. तरी राजांनी आपल्या भाषेत दप्तर ठेवले नाही. मोगलांशी बोलायचे ते फारसीत. भोसले आल्यावर हिशेब मोडी मराठीत गेला, इंग्रजांनंतर हिंदीत. गोंडी उरली ती परधानांच्या गळ्यात. परधान हे गोंडांचे गायक. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवत ते राजांच्या, देवांच्या, कुळांच्या कथा गात. राजाच्या दरबारात ज्या भाषेला कागद मिळाला नाही तिला त्यांनी गाऊन सांभाळले.

ती कागदावर आणण्याचा एक मोठा प्रयत्न झाला तोही बख्त बुलंदाच्या नागपुरातच, पण दीडशे वर्षांनी आणि एका परक्याकडून. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. त्याने परधानांकडून लिंगोचे दीर्घ गाणे गोंडीत उतरवून घेतले. लिंगो म्हणजे गोंडांना देव, कुळे आणि लग्नाची रीत घालून देणारा त्यांचा आदिपुरुष. १८६३ मध्ये हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून वारला आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. गोंडीला लिपी नव्हती, म्हणून बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक घडवली. आदिलाबादच्या गुंजाळा गावात दुसऱ्या, जुन्या लिपीतल्या पोथ्या सापडल्या. दोन्ही लिप्या आता संगणकावर लिहिता येतात. मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये जागतिक लिपिसंचात स्थान मिळाले.

आकडे पाहिले की चित्र कळते. २०११ च्या जनगणनेत एकट्या मध्य प्रदेशात गोंडांची संख्या ५० लाखांवर आहे. गोंडी ही मातृभाषा म्हणून सांगणारे मात्र साऱ्या देशात मिळून सुमारे ३० लाख. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाली आणि बोडो या आदिवासी भाषा तिथे आल्या, गोंडी आली नाही. कारणांपैकी एक साधे आहे: गोंडी मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण अशा कित्येक राज्यांत वाटली गेली आणि कोणत्याही एका राज्यात ती राज्याची भाषा होण्याइतकी नाही. प्रत्येक ठिकाणी तिच्या मुलाला शाळेत दुसरीच भाषा शिकावी लागते.

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ आहे, म्हणून थोडे तिकडे जाऊ. तिथे स्वाझी लोकांचे एस्वातिनी नावाचे छोटे राज्य आहे. पूर्वी त्याला स्वाझीलँड म्हणत, २०१८ मध्ये तिथल्या राजाने नाव बदलले. एकोणिसाव्या शतकातल्या म्स्वाती राजाच्या नावावरून लोकांना आणि त्यांच्या भाषेलाही नाव पडले. त्यांच्यावरही इंग्रज आले, सीमा आखल्या गेल्या, आणि आज स्वाझी बोलणारे एस्वातिनीपेक्षा शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत जास्त आहेत. इंग्रजी अमलात त्यांच्या शाळांत स्वाझी नव्हे, तिची बहीण झुलू शिकवत. पण राजा आणि राज्य टिकले. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर स्वाझी भाषा शाळेत आणि सरकारी कामात आली. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या घटनेनेही तिला आपल्या अधिकृत भाषांत घेतले. गोंडांचे राजे त्यांच्यापेक्षा मोठ्या मुलखाचे धनी होते. फरक एवढाच की तिथे राज्य संपले नाही, आणि संपले नाही म्हणून भाषेला आधार राहिला.

आपण मराठी बोलणाऱ्यांनी या गोष्टीकडे तटस्थ राहून पाहता येत नाही, कारण तिच्यात आपला भाग आहे. राजाच्या बोलावण्याने सपाट, चांगल्या जमिनीवर कसणारे आले, आणि हळूहळू गोंड घाटाकडे, डोंगराकडे सरकले. कोणी तलवारीने हाकलले असे नाही. सारा वाढला, सावकार आला, कागद मराठीत झाला, आणि ज्याला कागद वाचता येत नव्हता त्याचे वावर गेले. आज सौसर-पांढुर्ण्याच्या बाजारात गोंडी फारशी कानांवर पडत नाही. घाट चढून तामिया, जुन्नारदेवकडे गेले की ती अजून घराघरांत बोलली जाते. आणि जी तक्रार आपण आपल्या मराठीबद्दल करतो, ती गोंडांची आपल्यापेक्षा जुनी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आपली मुले घरी मराठी आणि शाळेत हिंदी शिकतात, चिठ्ठी हिंदीत लिहितात. गोंडांच्या मुलांनी घरी गोंडी, बाजारात मराठी आणि शाळेत हिंदी अशी तीन ओझी वाहिली, त्यातले पहिले टाकले.

त्याच सीमेने बख्त बुलंदालाही दुभागले. त्याचे देवगड मध्य प्रदेशात राहिले, त्याचे नागपूर महाराष्ट्रात गेले. नागपूरवाले त्याला शहराचा संस्थापक म्हणतात आणि देवगडचे नाव क्वचित घेतात. छिंदवाड्याकडे देवगडचा अभिमान आहे, नागपूरचा उल्लेख कमी. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. आता देवगड आपल्या जिल्ह्यातही नाही, शेजारच्या जिल्ह्यात आहे. त्याच्या काळी या सगळ्याला एकच नाव होते, देवगडचे राज्य.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर जावे. तेव्हा बावड्यांत पाणी असते आणि डोंगर हिरवा असतो. सौसरहून छिंदवाड्याच्या वाटेने घाट चढून मोहखेडकडे वळावे आणि तिथून देवगड गाठावे. किल्ल्याचा चढ दमवणारा आहे, म्हणून वडीलधाऱ्यांनी खालच्या बावड्या पाहाव्यात, मुलांनी वर जावे. पाणी सोबत न्यावे. आणि गावात कोणी गोंडी बोलणारे वडील भेटले तर त्यांच्याकडून एक ते दहा मोजायला शिकून यावे. पहिले चार आकडे वर दिलेच आहेत.